मागचा जॅक आणि पाचवा सेकंद

मी एक जुना जॅक आहे. तोंड वाकडे करू नका, मित्रांनो. शर्यतीची गोष्ट म्हटली की ती गाडीने सांगावी, निदान तिच्या एखाद्या चाकाने तरी, असे तुम्हाला वाटते हे मला ठाऊक आहे. पण गाडीला कुठे एका जागी बसायला फुरसत आहे? मला आहे. मधला काही काळ मी एका शेडमध्ये, रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या आणि एका मोडक्या शिडीच्या शेजारी भिंतीला टेकून काढला. तिथे विचार करायला वेळच वेळ होता, त्यामुळे सगळे नीट आठवते.

मी मागचा जॅक. म्हणजे शर्यतीच्या गाडीचे बूड उचलणारा. पुढचा जॅक वेगळा असतो. तो गाडीच्या नाकाखाली शिरतो, टीव्हीवर दिसतो, फोटोत येतो. मी पडलो मागचा. धूर, ऊन झालेला वारा आणि गाडीची पाठ एवढेच माझ्या वाट्याला आले.

मला एका वेल्डरने घडवले. त्याला सदा खोकला असे. खोकला आला की तो हातातली ज्योत बाजूला धरायचा, खोकून घ्यायचा आणि मग पुन्हा जिथल्या तिथे टाका घालायचा. हलके नळे, पुढे तळव्यांसारखे दोन आकडे, मागे लांब दांडा आणि खाली दोन लहान चाके, असा माझा देह. दांड्याची उंची एका माणसाच्या कमरेचे माप घेऊन ठरवली. तो माणूस आला, त्याने मला तीसेक वेळा दाबून पाहिले आणि म्हणाला, "डावीकडे जरा जड वाटतोय." वेल्डरने कुरकुर करत कानस लावली. तो माणूस मग पुढची वीस वर्षे माझ्या दांड्याला होता. त्याच्या बहिणीने त्याच्या जुन्या कामाच्या कपड्यांची बाही कापून माझ्या दांड्याला खोळ शिवली. कापड इतके जाड की तिच्या मशीनची सुई मोडली, म्हणून उरलेली शिवण तिने हाताने घातली. ती खोळ अजून माझ्या अंगावर आहे.

काम काय होते, तेही सांगतो. शर्यत चालू असताना गाडी मधेच पिटमध्ये येते. पिट म्हणजे रस्त्याला लागून असलेली गल्ली, जिथे प्रत्येक संघाचे गॅरेज असते. गाडी आपल्या गॅरेजसमोर उभी राहिली की पुढचा जॅक नाक उचलतो, मी बूड उचलतो, चार बाजूंनी माणसे जुने टायर काढतात, नवे चढवतात, आम्ही गाडी सोडतो, ती सुसाट जाते. हे सगळे तीन सेकंदांच्या आत. तुम्ही बुटाची एक नाडीसुद्धा तेवढ्या वेळात बांधत नाही.

एका शर्यतीत हे आम्ही दोनदा, फार तर तीनदा करत असू. पण सराव! सरावाच्या दिवशी दोनशे वेळा. उचल, सोड. उचल, सोड. माझे सांधे कुरकुरत, टायरवाल्यांचे गुडघे सोलवटत, आणि आमचा उस्ताद, म्हणजे या सगळ्या माणसांचा प्रमुख, हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणे, "अजून जरा कमी करा." त्या 'अजून जरा'ला अंत नव्हता. एकदा दोन सेकंद आणि वर थोडे, एवढ्यात काम झाले. सगळे नाचले. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात चारही टायरवाले ओळखू येत होते, पुढचा जॅक तर छाती काढून उभा होता. माझा फक्त दांडा दिसत होता, तोही एका कमरेआडून अर्धा. मी मनाला लावून घेतले नाही असे म्हणालो तर ते खोटे ठरेल.

पुढे आमच्या संघात एक नवी चालक आली. गाडी अशी चालवायची की उस्ताद डोळे मिटून घ्यायचा. माझ्या माणसाच्या त्याच बहिणीची ती मुलगी. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिने "मामा" अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून तो साऱ्या गॅरेजचा मामा झाला. त्याच्याहून वयाने मोठा उस्तादसुद्धा त्याला मामा म्हणू लागला. मामा वरवर चिडायचा, पण आतून खूश असायचा. माझ्या दांड्यावरची त्याची पकडच तसे सांगायची.

आता दंडाचे सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर बेतलेले आहे. शर्यतीत चूक केली की पंच वेळेचा दंड करतात. शर्यत सुटायचे दिवे विझायच्या आधी निघालात, पिटच्या गल्लीत ठरल्यापेक्षा जोरात आलात, कोणाला ढकललेत, नाहीतर रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेघेबाहेरून वळण कापून पुढे गेलात आणि मिळालेली जागा परत दिली नाहीत, तर पाच सेकंद. चूक मोठी असेल तर दहा. त्याहून मोठी असेल तर अख्ख्या पिटमधून न थांबता हळूहळू जायचे आणि बाकीच्या गाड्या पुढे निघून जाताना बघायच्या.

पाच सेकंदांचा दंड भोगायचा कसा? पुढच्या वेळी टायर बदलायला आलात की गाडी आधी पाच सेकंद नुसती उभी ठेवायची. तेवढ्यात तिला कोणी शिवायचे नाही. ना पान्याने, ना फडक्याने, ना माझ्यासारख्या जॅकने. पाच पुरे झाले की मग कामाला लागायचे. आणि पुढे थांबायचेच नसेल, तर शर्यत संपल्यावर तुमच्या वेळेत पाच सेकंद मिळवतात. मग डोळ्यांदेखत पहिला आलेला माणूस कागदावर तिसरा निघतो. दंड भोगतानाच चूक झाली, तर तिचा वेगळा दंड, आणि तो आधीच्याहून मोठा.

पाच सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटते ना? मित्रांनो, मनात सावकाश पाच मोजा. तुम्ही मोजेपर्यंत दुसरी गाडी फुटबॉलची तीन मैदाने ओलांडून गेली.

माझ्या बाबतीत एक गोष्ट अशी झाली होती की ती मला आणि मामाला सोडून कोणाच्या ध्यानात आली नव्हती. गाडी आली की मामा मला डाव्या चाकावर गर्रकन वळवून तिच्या मागे घालत असे. वीस वर्षे त्याच एका चाकावर. त्याचे रबर एका बाजूने झिजून चपटे झाले. ती चपटी बाजू खाली यायला लागली की मी आपसूक बोटभर पुढे सरकून टेकायचो. गाडीपाशी हे कधीच कळत नसे, कारण तिथे मी एका जागी असा कधी थांबलोच नव्हतो. आलो, उचलले, सोडले. पण मामा मला भिंतीशी उभे करून ठेवी तेव्हा मी हळूच पुढे येऊन भिंतीवर टेकायचो. टक. मामा वळून बघायचा.

त्याने सामान सांभाळणाऱ्याला तीनदा सांगितले. त्या गृहस्थाला सगळे 'उद्याबघू' म्हणत, एवढे सांगितले की पुरे.

"अहो, एक चाक तर द्यायचंय. काय विमान मागतोय का मी?" मामा तिसऱ्या वेळी म्हणाला.

"मामा, वर्ष संपत आलंय. एकच शर्यत राहिली. गाडी उचलतो ना तुमचा जॅक? मग झालं तर. नव्या वर्षात बघू."

मामा हात झटकून निघून गेला. त्यानेही फार ताणून धरले नाही, हेही सांगायला हवे.

ती राहिलेली एक शर्यत. आदल्या दिवशी चहाच्या टेबलाशी संघाचा मालक आला आणि सगळ्यांसमोर आमच्या चालक मुलीला म्हणाला, "उद्या पहिल्या तिघांत आलीस तर पुढच्या वर्षी ही गाडी तुझी. चौथी आलीस तर मला दुसऱ्या कोणाचा तरी विचार करावा लागेल. राग मानू नकोस." तिने राग मानला नाही. चहा मात्र तसाच राहिला. मामाने तिच्या कपावर बशी झाकली, जणू ती नंतर येऊन पिणारच होती.

शर्यत निम्मी झाली तेव्हा ती तिसरी होती. तेवढ्यात एका वळणावर शेजारच्या गाडीने तिला रेटले, असे तिचे म्हणणे. ती पांढऱ्या रेघेबाहेर गेली आणि बाहेरूनच त्या गाडीच्या पुढे निघाली. रेडिओवर उस्ताद सांगत होता, "जागा परत दे, पोरी, जागा परत दे." ती म्हणाली, "धक्का त्याने दिलाय, मी कशाला देऊ?" पंचांना तसे वाटले नाही. पाच सेकंद.

टायर बदलायला तिला एकदा यायचे होतेच. ती आली. उस्तादाने दोन्ही हात वर धरले, म्हणजे कोणी हलायचे नाही. वीस माणसे जागच्या जागी खिळली. आणि मित्रांनो, आमची खरी गंमत तिथेच होती. दोनशे वेळा झपाट्याने काम करण्याचा सराव आम्ही केला होता. नुसते उभे राहण्याचा एकदाही केला नव्हता.

मामाला हातभर मागे थांबता आले असते. पण वीस वर्षांची सवय. गाडी थांबली आणि त्याने मला नेहमीसारखे सरळ आत घातले. माझे आकडे गाडीच्या बुडाखालच्या पट्टीपासून बोटभर अंतरावर आले. हेल्मेटच्या आत तो मोजत होता, ते मला दांड्यातून ऐकू येत होते. एक. दोन. गाडीची पाठ तापून धगधगत होती. तीन. माझे डावे चाक त्या चपट्या बाजूकडे कलू लागले. मी अंग आवरून धरायचा प्रयत्न केला, पण चाकापुढे माझे काय चालणार? चार. मी बोटभर पुढे सरकलो.

टक.

इतके हलके की तुम्ही झोपलेल्या माणसाला तसा हात लावलात तर तो कूससुद्धा बदलणार नाही. मामाने तत्क्षणी मला मागे खेचले. पाच. मग आम्ही नेहमीसारखे कामाला लागलो आणि गाडी निघून गेली. मी गाडीला लागलो ते कोणालाही दिसले नव्हते. मामाच्या पाठीने आणि गुडघ्याने सगळे झाकले होते.

ती सहावी होऊन बाहेर पडली. उरलेल्या वीस फेऱ्यांत तिने जे केले ते मी गॅरेजच्या पडद्यावर पाहिले, आणि तसे मी पुन्हा काही पाहिले नाही. एकेक करून तिने तिघांना मागे टाकले. ती तिसरी आली. चौथा तिच्यामागे सात सेकंदांनी आला. टायरवाले एकमेकांच्या गळ्यात पडले, उद्याबघूसुद्धा रडला. मामा मात्र बक्षिसाच्या जागी गेला नाही. तो फडके घेऊन मला पुसत बसला. एकच जागा, पुन्हा पुन्हा. मधेच त्याने पडद्याकडे पाहिले. ती चषक वर धरून उभी होती आणि हसत नव्हती.

तासाभराने निरोप आला. चौथ्या आलेल्या संघाने तक्रार केली होती की पाच सेकंद पुरे व्हायच्या आत मागचा जॅक गाडीला लागला; त्यांच्या एका माणसाने मामाला मला झटक्याने मागे खेचताना पाहिले होते. पंचांनी तिघांना बोलावले: संघाचा व्यवस्थापक, चालक आणि मामा. शिवाय जॅकही आणा म्हणाले. जाताना जिन्यात व्यवस्थापक मामाच्या कानाशी लागला. "मामा, फोटोत काही दिसत नाहीये. तुम्ही एवढंच म्हणा, मला कल्पना नाही. बाकी मी बघतो. पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे." मामाने मला दुसऱ्या खांद्यावर घेतले. मला घेऊन पायऱ्या चढताना त्याला धाप लागली होती.

खोली साधी होती. तीन खुर्च्या, एक मोठा पडदा, खिडकीशी वाळत चाललेले एक रोप. मला टेबलावर आडवे ठेवले. जन्मात पहिल्यांदा मी टेबलावर चढलो, आणि तेही असा. मधल्या खुर्चीवर एक वयस्क पंचबाई होत्या. त्यांनी फोटो चारदा फिरवून पाहिले. मागून मामाची पाठ, वरून गाडीच्या पाठीवरचा आडवा पंख. स्पष्ट काहीच नव्हते.

त्यांनी आधी आमच्या चालक मुलीला विचारले, "गाडी उभी असताना तुम्हाला मागून काही जाणवलं?"

तिने हातमोज्यांकडे पाहिले. "मी सेकंद मोजत होते," ती म्हणाली.

मग बाई मामाकडे वळल्या. "फोटोंवरून आम्हाला काही ठरवता येत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. जॅक लागला का?"

मामाने माझ्या दांड्यावर हात ठेवला. बहिणीने शिवलेल्या खोळीवर. व्यवस्थापक खाकरला. मी मनात म्हणत होतो, नको बोलूस, बाबा. मग म्हणत होतो, बोल. दोन्ही खरे होते.

"लागला," मामा म्हणाला.

"केव्हा?"

"चार झाले होते. पाचवा चालू होता."

"मुद्दाम?"

"नाही हो. पण लागला."

"कशामुळे लागला?"

आता तो चाकाचे सांगेल, असे मला वाटले. तीनदा मागितलेले चाक, उद्याबघू, सगळे. चाक माझे होते, मित्रांनो. चूक माझ्या अंगातली होती. मला तोंड असते तर मी त्या टेबलावरून ओरडलो असतो.

"हात माझा होता," मामा म्हणाला.

दहा सेकंद. शर्यत संपलेली असल्यामुळे ते तिच्या वेळेत मिळवले. सात सेकंदांनी पुढे असलेली मुलगी तीन सेकंदांनी मागे गेली. चौथी. पंचबाईंनी मामाचे आभार मानले, आणि त्या आभारांचे काय करावे ते त्याला कळेना.

चषक तिने स्वतःच नेऊन त्या दुसऱ्या संघाच्या गॅरेजमध्ये दिला. परत आली तेव्हा मामा मला पेटीत भरत होता. ती म्हणाली, "एक वर्ष, मामा. माझं एक अख्खं वर्ष." एवढे बोलून ती गेली. झाकलेला चहाचा कप टेबलावर तसाच होता, तो कोणीतरी उचलून धुवायला टाकला.

पुढच्या वर्षी तिच्या गाडीत दुसरे कोणी बसले. मामाला सांगण्यात आले की आता तुम्ही आराम करा. वीस वर्षे राबलेल्या माणसाला घरी बसवायचे झाले की असे गोड बोलतात. माझ्या जागी नवा जॅक आला, वजनाने माझ्या निम्मा. मला भंगारात टाकायला काढले होते. मामाने मला मागून घेतले, आणि कोणी नाही म्हणाले नाही. नाही म्हणावे एवढेही कोणाला वाटले नाही, खरे सांगायचे तर.

मग शेडमधले दिवस. गंज लागत होता, सांध्यांतले तेल वाळले होते. एकदा शेजाऱ्याची गाडी पंक्चर झाली तेव्हा मला बाहेर काढले, तर मी तिच्या मानाने फारच बुटका निघालो. शेजाऱ्याच्या बायकोला हसू आवरेना. दर आठवड्याला मामाची बहीण यायची. शेडच्या दारात उलट्या डब्यावर बसायची आणि एकच विषय काढायची.

"तुम्ही दोघं एकदा काय ते बोलून टाका बाई. निरोप पोचवून पोचवून माझे पाय दुखले. ती विचारते मामा जेवला का, तू विचारतोस तिचं कसं चाललंय. फोन काय शोभेला घेतलेत?"

"ती करेल तेव्हा करेल," मामा म्हणायचा.

"आणि तू?"

"मी काय बोलू? वर्ष तर गेलं तिचं."

बहीण सुस्कारा टाकायची आणि जाताना माझ्या खोळीची सुटलेली शिवण बोटाने चाचपायची.

एका दुपारी शेडचे दार उघडले तर तीच उभी. आमची चालक मुलगी. केस कापलेले, हात ग्रीसने काळे. एका छोट्या संघाने तिला घेतले होते. खालच्या दर्जाच्या शर्यती, सहा माणसे, एक जुना ट्रक. मामा खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला.

"मागचा जॅक नाहीये आमच्याकडे," ती म्हणाली. "तुझा आहे का अजून?"

मामाने नुसते माझ्याकडे बोट केले. तिने मला भिंतीपासून ओढले, दांडा हलवून पाहिला, सांधे तपासले आणि पुन्हा भिंतीशी उभे केले. बोटभर अंतर ठेवून. मग ती मामाशी काही बोलायला वळली. इकडे माझे चाक आपल्या जुन्या खोडीप्रमाणे कलले.

टक.

ती थांबली. वळली. मला मागे ओढून तिने पुन्हा तसेच उभे केले आणि या वेळी बघत राहिली. टक. आवाज तिच्या ओळखीचा होता, मित्रांनो. कानांना नाही, पाठीला. गाडीत बसलेल्या माणसाला गाडीला लागलेले बोटसुद्धा मणक्यात कळते.

"मामा, तेव्हाही हे असंच होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस? चाकामुळे झालं म्हणून! तीनदा मागितलं होतंस ना तू? आई म्हणाली मला."

"त्यांनी विचारलं लागला का. लागला होता." मामाने माझ्या चाकाकडे पाहिले. "आणि चाक बिघडलंय हे मला ठाऊक होतं. तरी मी हातभर मागे उभा राहिलो नाही. ती काय चाकाची चूक?"

ती डब्यावर बसली. तिची आई बसते त्याच.

"मला पाठीत कळलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी म्हटलं, सेकंद मोजत होते."

"तेही ऐकलं." मामा तिच्याकडे न बघता बोलत होता. "माझ्या एकट्याचं असतं ना, तर कदाचित गिळून टाकलं असतं मी. तेवढा काही मी साधू नाही. पण तू चषक हातात धरून उभी होतीस आणि हसत नव्हतीस. म्हटलं, हिला हे जन्मभर वागवायला लावायचं? त्यापेक्षा वर्ष गेलेलं बरं."

तिने तोंड फिरवले. मग ती उठली, ट्रकमधून पेटी घेऊन आली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. तिने माझे डावे चाक काढले. वीस वर्षांचे चाक, एका बाजूने खाल्लेल्या बिस्किटासारखे. नवे बसवायला तिला दहा मिनिटे लागली. फक्त दहा मिनिटे, मित्रांनो. एवढ्यासाठी सारे झाले होते.

ती मला घेऊन गेली आणि मामालाही. आता एका ओसाड मैदानात, ट्रकच्या सावलीत आमचा सराव चालतो. मामा उचलणे शिकवायच्या आधी थांबणे शिकवतो. गाडी येते, सगळे जागच्या जागी, मी गाडीपासून पुरा हातभर मागे. "एक," मामा म्हणतो. "दोन." टायरवाल्यांपैकी एक जण चुळबुळतो. "अरे, मुंग्या चावतायत का? उभा राहा नीट. तीन."

मी थकलो आहे. नवे चाक बसले म्हणून काही नळे नवे होत नाहीत. उचलताना आता माझ्या पाठीतून आवाज येतो आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. पण ते पाच सेकंद मला आवडू लागले आहेत. आयुष्यभर मला कोणी ना कोणी ओढले, दाबले, ढकलले. त्या पाच सेकंदांत कोणी मला हलवत नाही. मामाचा हात खोळीवर सैल असतो आणि मी नुसता असतो. शिक्षा म्हणून का होईना, मला विसावा मिळाला.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. तुमच्या घरी, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखे कितीतरी मुके राबत असतात. काम करतोय ना, मग झाले तर, असे म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवू नका. कधीतरी त्यांना थांबवून बघा. आमचे दुखणे थांबल्यावरच दिसते. आणि दिसले की तेल असेल तर तेल, चाक असेल तर चाक, त्याच दिवशी द्या.

गेल्या शर्यतीत तिला पुन्हा दंड झाला. पिटच्या गल्लीत थोडी जोरात आली होती. चूक तिचीच, तिनेही वाद घातला नाही. ती येऊन उभी राहिली. उस्ताद नव्हता, पडदा नव्हता, फोटो काढायला चिटपाखरू नव्हते. पाच व्हायच्या आधी मला लावले असते तरी कोणाला कळले नसते. मामाने मला हातभर मागे धरले आणि पाचही सेकंद सावकाश मोजले. मग मी तिला उचलले. ती आठवी आली आणि कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गाडीतून उतरून ती थेट मागे आली. हेल्मेट काढले, केस घामाने कपाळाला चिकटलेले. माझ्या दांड्यावर, मामाच्या हाताशेजारी, तिने आपला हात ठेवला.

"आज पाठीला काही कळलं नाही, मामा," ती म्हणाली, आणि हसली.